साडेतीनच्या आत वायफाय

गेल्या गुरुवारी सकाळी ब्रिजेट आंटीचा फोन आला. ऑफिसला निघायची गडबड, चप्पल घालता घालता उचलला. "मीना, मला बघायचंय..." एवढंच म्हणाली.

काय ते मला लगेच कळलं. त्या दिवशी तिच्या ग्लेनचं फ्युनरल होतं, इंग्लंडमध्ये. आपल्याकडचे दुपारचे साडेतीन.

आंटी खोताच्या वाडीत एकटी राहते, आमच्या बिल्डिंगपासून दोन मिनिटांवर. वय चौऱ्याहत्तर. ग्लेन तिचा एकुलता एक मुलगा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, आमच्याबरोबर खेळून मोठा झालेला. तीन आठवड्यांपूर्वी तिकडे कामावर असताना कोसळला... आणि गेला. आंटीला धड जिना उतरता येत नाही, व्हिसा आणि विमानाची तर गोष्टच सोडा.

चर्चमधून लाइव्ह दाखवणार आहेत असं सुनेने कळवलं, तेव्हा आंटी ठाम नाही म्हणाली होती. त्याआधी, बातमी आली त्याच दिवशी, तिने वायफायचा राऊटर उपटून भंगारवाल्याला देऊन टाकला होता. दर रविवारी ग्लेनचा व्हिडिओ कॉल त्याच्यावरूनच यायचा ना... "आता काय करायचाय मला तो डबा?" असं म्हणाली होती.

आणि आता तिला बघायचं होतं.

मी म्हटलं, आमच्याकडे चल, मी न्यायला येते. "नको गं. दुसऱ्याच्या घरात मला रडता येणार नाही." माझ्या मोबाइलवर दाखवावं, तर तिच्या घरात रेंजची एक काडी, तीही दारात उभं राहिलं तर.

रजा टाकली आणि नवा राऊटर घ्यायला लॅमिंग्टन रोड गाठला. खरं सांगते, राऊटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्या घरी ते सगळं नवरा बघतो, आणि तो नेमका टूरवर.

पहिल्या दुकानात मला सहा अँटेनांचा एक काळा राक्षस दाखवला. किती डिव्हाइस, गेमिंग आहे का, किती खोल्या... मी म्हटलं, एक टॅबलेट, एक खोली. त्या माणसाचा माझ्यातला रसच संपला.

दुसऱ्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लावणार कोण?" मी म्हटलं, मीच. याआधी कधी लावलाय? नाही. कधीपर्यंत चालू व्हायला हवा? साडेतीन... आणि का ते सांगून टाकलं.

ते उठून आत गेले. आतून एक छोटा पांढरा राऊटर घेऊन आले.

"हा मोबाइलवरच्या ॲपने लागतो. ॲप एकेक गोष्ट विचारत जातं, तुम्ही फक्त उत्तर द्यायचं. केबलवाल्याची वायर निळ्या भोकात. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्या स्टिकरवर आहे, तोच ठेवा, बदलत बसू नका. पण त्याआधी केबलवाल्याकडून युजर आयडी लिहून आणा. नवीन माणूस तिथेच अडकतो."

ॲप त्यांनी दुकानातच उतरवून दिलं.

केबलच्या ऑफिसमध्ये गेले तर कनेक्शन ग्लेनच्या नावावर. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच देता येतो. त्यांना एक फोन करायला सांगा ना."

मी म्हटलं, "त्यांचंच फ्युनरल बघायचंय."

तिने कीबोर्ड पुढे ओढला. मग आयडी आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला.

आंटीकडे पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. भिंतीवरून वायर लोंबत होती. निळ्या भोकात घातली, ॲप उघडलं, विचारेल ते भरत गेले... लाल दिवा. पुन्हा भरलं, पुन्हा लाल. आंटी काळा ड्रेस घालून, टॅबलेट मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेली. एका शब्दाने घाई केली नाही तिने.

चिठ्ठीतलं शून्य मी 'ओ' समजून टाकत होते. तिसऱ्यांदा नीट भरलं आणि दिवा हिरवा झाला. तीन पस्तीस.

प्रार्थना सुरू झाली होती. कॅमेरा चर्चच्या दारावर बसवलेला, त्यामुळे दिसत होत्या फक्त लोकांच्या पाठी.

"ग्लेन कुठेय?"

"ती समोर फुलं आहेत ना आंटी... तिथे."

काडेपेटीएवढी शवपेटी. आंटीने चष्मा पुसला, पुन्हा घातला. पाऊण तास ती तशीच बसून होती, कोरडी. मला वाटलं, एवढी धडपड करून आपण तिला काय दाखवलं?

मग सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली आणि ते वळले... दाराकडे, म्हणजे आमच्याकडे. पेटी मोठी होत होत अगदी जवळ आली. आंटीने हात पुढे केला आणि तळवा स्क्रीनवर ठेवला.

आणि व्हिडिओ थांबला. हात लागल्यामुळे पॉज झाला होता. स्क्रीनभर पेटी, आणि तिच्यावर आंटीचा हात.

मी घाईघाईने पुढे झाले. "राहू दे," ती म्हणाली. "थोडा वेळ राहू दे गं."

मग ती रडली. बातमी आल्यापासून पहिल्यांदा. त्याच्याशी काहीतरी बोलायला लागली तशी मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

बऱ्याच वेळाने हाक आली. "मीना, आता जाऊ दे त्याला." कुठे दाबायचं ते मी दाखवलं. तिने स्वतःच दाबलं, आणि पेटी पुढे सरकून दिसेनाशी झाली.

तिकडे एव्हाना सगळे दफनभूमीच्या वाटेला लागले असतील. इथे मात्र तेवढा वेळ तो आईसाठी थांबला होता. तिला एवढंच मिळालं... आणि तेवढं तरी मिळालं, म्हणून त्या दिवसापासून मी मनातल्या मनात हात जोडतेय. कोणाला, ते मला माहीत नाही.