कोठीतले दागिने आणि किसनमामा

किसनमामांवर अन्याय झाला तो कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, भर बाजारात. मामा जाऊन तीन आठवडे झाले. बातमी देणारा फोनवर म्हणाला, "तो दागिनेचोर म्हातारा गेला." मेल्यावरही नाव तेच! मामा आमच्या गल्लीतले. चोरी सोडून तीस वर्षं झालेली, बाजारातल्या स्टँडवर केळीचा गाडा. पण दिंद्रुडजवळच्या आमच्या गावाला चोरच दिसला, गाडा कधी दिसलाच नाही.

मी त्यांना एकदा मोबाइलवर जुना विलायती पिक्चर दाखवला. चोरी सोडलेला दागिनेचोर. नव्या चोऱ्या झाल्या की संशय त्याच्यावरच, शेवटी तोच खरा चोर धरून देतो. मामा लई हसले. "ह्याचं बरं हाय बे, बंगला हाय, सूट हाय. मी धरून दिला तर म्हणतील, ह्याचाच जोडीदार हाय!" बोलता बोलता मी गाड्यावर ठेवलेला माझा मोबाइल उचलून खिशात टाकला... मामांनी पाहिलं. "ठिव, ठिव. समदेच ठिवतेत." माणुसकीची पत्रकं वाटत हिंडणारा मी, आणि माझा हात हा असा!

कापडदुकानवाले शेठ सहकुटुंब कपिलधारच्या यात्रेला गेलते. परत येऊन बघतात तर कपाट रिकामं. शेठची आई तिथल्याच मठात सेवेला मागं राहिलेली, तिच्याजवळ फोन नाही. शेठनी थेट गाडा गाठून मामांची गचांडी धरली. मामा म्हणाले, "शेठ, आदी ज्वारीची कोठी बघा. यात्रेला निघताना म्हाताऱ्या सोनं दाण्यात ठिवतेत, अन् नजर लागंल म्हणून सुनंलाबी सांगत न्हाईत." नोकर घरी पळाला. पाटल्या, गंठण, सगळं कोठीतच निघालं. तर शेठनी मामांच्या कानाखाली वाजवली. "तुला कसं ठाऊक बे? तूच लपवलंस!" चोर मालकाच्याच कोठीत माल कशाला ठेवील, हे गर्दीत कुणी विचारलं नाही. चार दिवसांनी आई आली, म्हणाली, "अगं बाई, मीच ठिवलंतं की." शेठ म्हणाले, "सापडलं ना? मिटलं मग."

कुणाचं मिटलं? गाड्यावर गिऱ्हाईक फिरकेना. मामांचं मागणं एकच होतं, "जिथं मारलं तिथंच शेठनी एकदा म्हणावं, किसननं चोरलं न्हवतं. बास." ते न ऐकताच मामा गेले... गिऱ्हाईक आलं की ते दोन्ही हात उघडे करून गाड्यावर ठेवायचे, सगळ्यांना दिसतील असे. आता गाड्यावर सुमनमामी बसतात. परवा पाहिलं, त्याही तसेच ठेवतात.

त्या गर्दीत मी होतो. गप्प होतो, कारण क्षणभर मलाही वाटलं, यांना कसं ठाऊक? गाववाल्यांनो, तुम्हीही होतात. येत्या बाजारी मी गाड्यासमोर उभा राहून ते वाक्य मोठ्यानं म्हणणार आहे. तुम्ही या, तुम्हीही म्हणा. आणि येताना शेठना हाताला धरून आणा.