फटीतलं तण

माझी थोरली जाऊ बागा करून देते. आधी ती चपलांच्या दुकानात होती. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तिचं घरातलं नाव 'सैल होईल'. गिऱ्हाइकाचा पाय बुटात कोंबला जायचा, त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी ताई हसून म्हणायची, "दोन दिवस घाला, सैल होईल." 'माहीत नाही' हा शब्द त्या दुकानात चालतच नसे. घरी भाजी खारट झाली की मोठे दीरही म्हणायचे, "खा गुपचूप, सैल होईल."

दुकान बंद पडलं तेव्हा ताईने चाळिशी ओलांडली होती. सगळ्यांना वाटलं, आता दुसरं दुकान बघेल. तर हिने बागकामाच्या वर्गात नाव घातलं. आमच्या जिन्यातल्या कुंड्या तिनेच जगवल्या होत्या, हे खरं. पण कुंड्या जगवणं वेगळं आणि लोकांच्या अंगणात उभं राहून 'इथे लॉन, तिथे वेल' असं ठणकावून सांगणं वेगळं. मी तसं बोललेही. माझी जीभ अशीच आहे. तिने कार्डं छापून आणली आणि पहिलं मलाच दिलं.

पहिलं काम मिळालं ते पोस्टातून निवृत्त झालेल्या एका बाईंचं. नवरा नुकताच गेलेला, घरामागे छोटं अंगण, त्यात गवत माजलेलं. बाईंना दोन खुर्च्या टाकता येतील अशी फरशी घालून हवी होती, आणि नेमकं मधोमध अंजिराचं झाड उभं होतं. थंडीचे दिवस, झाडावर एक पान नाही.

"हे जिवंत आहे का हो?" बाईंनी विचारलं.

साल नखाने खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर झाड नुसतं झोपलंय, हे वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण पहिलं गिऱ्हाईक समोर, फरशीवाला दारात गाडी लावून खोळंबलेला, आणि 'बघून सांगते' म्हटलं तर हिला काही येत नाही असं वाटेल, ही धास्ती. काउंटरवरची जुनी सवय तोंडातून बोलली. "मेलंय. काढून टाकू."

बाई आत गेल्या, ताईने करवत लावली. करवत जरा आत शिरली आणि कापातून पांढरा चीक आला. मेलेल्या झाडाला चीक येत नाही. ताईचा हात थांबला. मग फरशीवाल्याने हाक मारली, आणि तिने ते जमिनीलगत पुरतं कापलं. मूळ उपटायचा मात्र धीर झाला नाही. बुंध्यावर वाळू पसरली, वर फरशी बसली, आणि अंगण झकास दिसायला लागलं.

चहा देताना बाई म्हणाल्या, "यांनी लावलं होतं ते. उन्हाळ्यात हे हॉस्पिटलमध्ये होते, मी दिवसभर तिकडेच. झाडाला पाणी घालायचं राहूनच गेलं. हे विचारायचे, घातलंस ना? मी हो म्हणायचे." मग कप खाली ठेवला. "म्हणजे मीच मारलं."

ताईला तेव्हाच बोलता आलं असतं. तिने चहा संपवला. घरी येऊन कितीतरी वेळ हात धूत राहिली. तो चीक साबणाने लवकर जात नाही. मग रडत रडत आम्हाला सगळं सांगितलं. "झाड कापलं ते कापलं गं, पण त्या स्वतःला दोष देतायत, आणि मी त्यांचा चहा पिऊन आले."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मोठे दीर म्हणाले. "आत्ताच बोललीस तर दुसरं काम कोण देईल?" मीही मान डोलावली.

दुसरं काम मिळालं. त्या बाईंनीच शेजारणीला सांगितलं होतं, "खरं बोलणारी आहे. मेलेल्याला मेलेलं म्हणते." हे कळलं त्या दिवशी ताई जेवली नाही. कामं वाढत गेली आणि ताई वाळत गेली. बाईंची गल्ली टाळायला लांबचा रस्ता धरायची. 'चोराच्या मनात चांदणं' म्हणून मी चिडवायचे. पण तिला हसू येईना, तेव्हा मीही सोडून दिलं.

थंडी सरली. एका सकाळी ताई डबा भरत असताना फोन आला. तिच्या फोनचा आवाज नेहमी मोठा, त्यामुळे मलाही ऐकू आलं. त्याच बाई होत्या. "अहो, फरशीच्या फटीतून हिरवं टोक वर आलंय. तण असेल. उपटू ना?"

ताईने नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर विषय कायमचा मिटला असता. खरं सांगते, तिने हो म्हणावं असंच मला वाटत होतं.

"हात लावू नका," ताई म्हणाली. "मी येते." फोन ठेवून माझ्याकडे वळली. "तूही चल गं. एकटीने नाही व्हायचं."

अंगणात बाईंनी खुर्ची पुढे केली. ताई बसली नाही. "हे तण नाही, तुमचं अंजीर आहे. मी कापलं तेव्हा ते जिवंत होतं. न बघताच मेलंय म्हणाले, आणि कापताना कळलं तरी बोलले नाही. पाण्याचा काही संबंध नव्हता. तुम्ही नाही मारलंत."

बाई त्या टोकाकडे बघत राहिल्या. "मी नाही मारलं," असं स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "अख्खी थंडी मी यांच्या फोटोसमोर बसून माफी मागत होते. तुम्हाला एक फोन करता आला नाही?"

ताई खाली बसून फरशी उचकटायला लागली, दुसरी कड मी धरली. बुंध्याच्या अंगातून फिकट पिवळे कोंब फुटले होते आणि उजेड शोधत फरशीखालून वाकडेतिकडे गेले होते. फट एकालाच सापडली होती.

बाई बादली घेऊन आल्या. पाणी घालता घालता रागातच म्हणाल्या, "काल दोनदा उपटायला वाकले होते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! एक आधीच मारलं होतं ना मी. दुसऱ्याला हात लावायचा धीर झाला नाही."

बादली रिकामी झाली तशी ताईने बादलीसाठी हात पुढे केला. बाईंनी ती दिली नाही. स्वतःच आत जाऊन पुन्हा भरून आणली.