दोह्याच्या पार्किंगमध्ये नुओ

कतारमधल्या दोह्यात विमान उतरताना एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सपाट, फिकट जमीन दिसली. ओल्ड एअरपोर्ट भागात राहणारा मावसभाऊ संजय न्यायला आला होता.

"दादा, पुण्याहून इथवर येऊन चिनी भुतं बघणार?"

"भुतं हाकलणारे आहेत ते."

नुओ हे चीनमधलं मुखवट्यांचं विधिनृत्य. त्यावर मासिकासाठी लिहायला मी आलो होतो; प्रयोग संध्याकाळी होता. जेवून आम्ही सभागृहाच्या मागे पोहोचलो. तिथे साठीचे नर्तक ल्वो मुखवट्यांच्या बंद पेटीशेजारी बसले होते. त्यांची मुलगी मेई दुभाषी होती. तिने सांगितलं, की फार पूर्वी राजवाड्यात चार सोनेरी डोळ्यांचा मुखवटा घातलेला, अस्वलाचं कातडं पांघरलेला देवऋषी रोगराई हाकलत असे. पुढे हा विधी खेड्यांत गेला, दारोदार फिरू लागला. त्यात लढाया आणि विनोदी सोंगं शिरली, त्याचं नाटक झालं. तरी आजही धूप दाखवून देवाला बोलावल्याशिवाय पेटी उघडत नाहीत.

सभागृहात धुराला बंदी होती. "असंच नाचा, कोणाला कळणार?" व्यवस्थापक म्हणाले.

ल्वोंनी पेटीवर हात ठेवला. "मग ही बंदच राहील."

संजयने घरून मबखरा (ऊद जाळायचं धुपाटणं) आणलं. पार्किंगमध्ये विधी झाला, पेटी उघडली. ल्वोंनी मुखवटा चढवला. मागच्या दारावर नेपाळी पहारेकऱ्याने अडवलं.

"पास पे फोटो है, चेहरा दिखाइए."

ल्वो गप्पच. मुखवट्याखालचा माणूस स्वतःच्या आवाजात बोलत नाही. "देवाला निरोप दिल्याशिवाय मुखवटा उतरवता येत नाही," मेई म्हणाली.

"मेरी नौकरी जाएगी, दीदी."

ल्वो वळले आणि पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले. हलले नाहीत. व्यवस्थापकांनी वरिष्ठांना दोन फोन केले, मग घाम पुसत म्हणाले, "इथेच करा. यल्ला (चला)."

प्रेक्षक बाहेर आले; काही तसेच गाडीत बसून निघून गेले. ढोल वाजला. काँक्रीटवर पाय आपटत ल्वोंनी आधी चारही दिशांची पीडा हाकलली, मग लढाईचं सोंग घेतलं. पहारेकरी दार न सोडता मान उंचावून पाहत होता. देवाला निरोप देऊन मुखवटा उतरवल्यावर ल्वो पुन्हा स्वतःच्या आवाजात बोलले. त्यांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर संजयने विचारलं, "काय छापणार? प्रयोग रद्द झाला, की झाला?"

"झाला. जागा बदलली."

आधी विधी, नंतर नाटक, असा नुओचा इतिहास सांगतात. ल्वोंनी त्या संध्याकाळी तोच क्रम पाळला. त्यासाठी सभागृह सोडावं लागलं, ते त्यांनी सोडलं.