काकूच्या अंगठ्यावर

सरकारी विम्याचं कार्ड हातात पडलं त्या दिवशी आईनं अख्ख्या गल्लीला दाखवलं. तिचा फोटो, शेजारी सोनेरी चिप. दवाखान्यात कार्ड द्यायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा, इलाज फुकट. वडील कधीच गेले होते आणि मी लग्न होऊन कोल्हापुरात आले होते, म्हणून कार्डावर आई एकटीच होती.

हुपरीत आमच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम. रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं पैंजण घासून घासून आईच्या बोटांवरच्या रेघा पार गेल्या होत्या. कार्डासाठी अंगठे घेतले त्या दिवशी यंत्र तिचा अंगठा काही केल्या घेईना. रांग खोळंबली, यंत्रावरचा माणूस वैतागला. मागं काकू उभी होती. ती म्हणाली, "माझा घ्या की. एकाच घरातल्या हाय आम्ही." त्यानं घेतला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पोस्टमन आला तरी आमच्याकडं उंबऱ्यात जी सापडेल ती अंगठा उठवून मोकळी व्हायची. फोटो आईचा आणि अंगठा काकूचा, असं कार्ड तयार झालं.

पुढं दोघींचं बिनसलं. घराचा पुढचा सोपा, म्हणजे रस्त्याकडची ओसरी, वडिलांच्या वाटणीचा, आई तिथंच बसून काम करायची. काकाला तिथं दुकान काढायचं होतं. आई नाही म्हणाली आणि एका घरात दोन चुली झाल्या. काकू समोरून आली तरी तोंड फिरवायची.

अशात आईच्या अंगावरून जायला लागलं. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गर्भपिशवी काढावी लागेल, तीही लगेच. खाजगी दवाखाना आम्हाला झेपणारा नव्हता. कार्डाच्या भरवशावर मी आईला घेऊन सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी गेले. तिनं अंगठा ठेवला. लाल दिवा. पदराला पुसून परत ठेवला. परत लाल.

"मावशी, ह्यो अंगठा तुमचा न्हाय," खिडकीतला म्हणाला.

"मग कुनाचा? माझ्याच हाताला हाय की!"

मागचे लोक हसले. आईला रडू फुटलं. मी सगळा प्रकार सांगितला, तर तो म्हणाला, "ज्या अंगठ्यावर कार्ड झालंय तो आना. मला हिरवा दिवा पायजे, बाकी तुमचं तुमी बघा."

तशीच एसटीनं हुपरीला गेले आणि काकूच्या अक्षरशः पाया पडले. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. ती घुंगरं ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "येतो की. पर तुझ्या आईनं आदी सोप्याचा कागद करून द्यायचा." काका शेजारी चहा पीत होता. त्यानं कप खणकन बशीत ठेवला. त्या कपबशीचा आवाज आठवला तरी आजही माझं डोकं उठतं.

कोल्हापुरात परतून आईला सांगितलं. मला वाटलं, ती शिव्या घालेल. ती नुसती म्हणाली, "आन जा कागद."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात काकानं हक्कसोडीचा कागद बाकावर पसरला, शाईचं पॅड उघडलं आणि आईचा अंगठा स्वतःच्या हातानं धरून दाबला. कागदावर निळा डाग उमटला. त्यात एक रेघ म्हणून नव्हती.

"ह्यात रेघा कुठं हायत?" मी विचारलं.

"चालतंय की," काका म्हणाला. "वैनींचाच अंगठा हाय. सगळ्यांनी बघितलाय." त्यानं सोबत आणलेल्या दोन साक्षीदारांनी खाली सह्याही ठोकल्या.

मग काकू खिडकीशी गेली आणि यंत्रावर अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला. खिडकीतल्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडायच्या दिवशी काका-काकू रिक्षा घेऊन आले, जसं काही घडलंच नव्हतं. आई त्यांच्याकडं न बघता मला म्हणाली, "मी तुझ्याकडंच येतो." मी सामान आवरत होते. कार्ड माझ्या हातात दिसताच तिनं ते काढून घेतलं आणि काकूपुढं धरलं.

"हे तू घिऊन जा. ह्यात बी तूच हायस."