घाटातला हुकूम

"उतर."

एवढंच म्हणाला अण्णा. जीपमधून खाली बी आला नाय. खिडकीतून बोट बाहेर काढलं, माझ्याकडं केलं, मग माझ्या सायकलीच्या पुढच्या चाकाकडं.

"उतर. चाक काढ."

लासूर स्टेशन समोर दिसत होतं. शर्यतीचा पहिला टप्पा तिथं संपणार होता. औरंगाबादहून निघालेली बाकीची पोरं लई मागं पडली होती. पुढं आम्ही तिघंच. मी, अशोक आन रावसाहेब. रावसाहेब म्हणजे आमच्या गावच्या पाटलाचा पोरगा. अण्णा त्याचा चुलता. रावसाहेबाचं पुढचं चाक फुटलं तसा तो कडेला उभा राहिला. वाकला नाय, बघितलं नाय. कुणीतरी करंलच, असा उभा. अशोकनं एकदा मागं वळून बघितलं आन तो निघून गेला. शर्यत होती. त्यानं काहून थांबावं?

मी उतरलो. माझं चाक काढलं. रावसाहेबाच्या सायकलीला बसवलं. त्यानं चेन चाचपून बघितली, त्याचे हात काळे झाले. इकडंतिकडं बघितलं. फडकं नव्हतं. मग त्यानं माझ्या पाठीवर, माझ्या बनियनला दोन्ही हात पुसले. सावकाश. एक एक बोट. आन बसून निघून गेला.

मी म्हणालो, "अण्णा, मी बी पुढंच होतो..."

"सायकल कुणाची हाय?"

"तुमची."

"मंग?"

जीप गेली. धुरळा राहिला.

एका चाकाची सायकल खांद्यावर घेऊन मी लासूरच्या बाजारातून चालत गेलो. कांद्याच्या गाड्या उभ्या होत्या. हमाल, व्यापारी, शाळेची पोरं, सगळे शर्यत बघायला थांबलेले. कुणीतरी ओरडलं, "आरं, मेंढक्यानं मेंढरू खांद्यावर घेतलं बघा!" माणसं हसली. मी बी हसलो. पाठीवर दहा बोटं काळी उमटलेली आन मी त्यांच्याबरोबर हसत होतो. भीतीचं असंच असतं. ती रडू देत नाय, हसायला लावते.

आम्ही धनगर. माझ्या बापाची मेंढरं पाटलाच्या रानात बसायची. मेंढरांच्या लेंडीनं रान सुधारायचं, बदल्यात आम्हाला ज्वारी मिळायची आन गावात राहायला जागा. जागा बी पाटलाचीच. मी वाळूजला कामाला जायचो. तिथं नव्या नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या आन अण्णा तिथं माणसं पुरवायचा. ठेकेदार. त्यानंच मला लावलं. रोज सायकलीवर जायचो, लोखंडी जड सायकल. एकदा वारं पाठीवर होतं, मी कंपनीच्या बसला मागं टाकलं. बसमधली माणसं खिडकीतून टाळ्या वाजवत होती. ते अण्णाच्या कानावर गेलं.

त्यानं मला बोलावलं. मला वाटलं काम गेलं. तर त्यानं एक रेसर सायकल पुढं केली. रावसाहेबाच्या सायकलीची जोडच. "रावसाहेबाबरोबर पळायचं," म्हणाला. मी तिच्यावर हात फिरवला. इतकी हलकी सायकल मी कधी उचलली नव्हती. घरी गेलो तर मायला सांगताना माझा आवाज फाटत होता.

लासूरला कळलं, ती सायकल मला काहून दिली. जोडीची सायकल म्हणजे सुटे भाग. मी म्हणजे सुटे भाग वाहून नेणारा.

ही शर्यत लई जुनी. तीन दिवसांची, तीन टप्प्यांची. माझा बा पोरगा होता तव्हापास्नं चालत आलेली. जिंकणारी घरं बी ठरलेली. त्या साली पहिल्यांदा अशोकसारखा पोरगा पुढं होता. अशोक शहरातल्या बौद्ध वस्तीतला. बेकरीचे पाव सायकलीवर गल्लोगल्ली पोचवायचा. त्याची सायकल तीन सायकलींचे तुकडे जोडून केलेली होती. हँडलला निळं फडकं बांधलेलं.

ते फडकं लई जणांना टोचत होतं. दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा दोन्हीकडून तापलेला. भिंतीवर एक घोषणा, तिच्यावर डांबर फासून दुसरी. आज मोर्चा, उद्या बंद. पंचांनी अशोकला फडकं सोडायला सांगितलं तर तो म्हणाला, "नियम दाखवा." नियम नव्हता. फडकं राहिलं.

मला त्या फडक्याची भीती वाटायची. मी लहान असताना आमच्या गावचा बौद्धवाडा जळालेला मी बघितला होता. मी मेंढरांमागं होतो. माळावरून धूर दिसला. मेंढरं एकमेकांच्या पोटात डोकी खुपसून उभी राहिली, हालंनात. रात्री माय एवढंच म्हणाली, "आपुन मधले. मधल्यानं तोंड उघडू नाय." तिथली माणसं शहरात निघून गेली. त्या वाड्याच्या भिंतींवर पुढं गवत उगवलं. आमची मेंढरं ते खायची.

दुसऱ्या दिवशी लासूरहून वेरूळ, खुलदाबाद, दौलताबादचा घाट आन परत शहर. चाक मला रात्रीच परत मिळालं होतं, कारण माझं काम ठरलेलं. रावसाहेबाच्या पुढं राहायचं, वारं छातीवर घ्यायचं, तो माझ्या आडोशाला. वेरूळच्या चढाला अशोक माझ्या बाजूला आला. माझ्याकडं बघितलं नाय, रस्त्याकडंच बघत बोलला.

"तू त्याच्यापेक्षा जोरात पळतो. माहीत हाय ना तुला?"

मी मागं बघितलं. जीप मागंच होती.

"सारखं मागं काहून बघतो रे? मागं काय ठिवलंय?"

मला रागच आला त्याचा. त्याचं काय जातं बोलायला, असं वाटलं. त्याच्या बापाची मेंढरं कुणाच्या रानात नव्हती. मग लगेच आठवलं, त्याच्या माणसांचं तर रानच काय, घर बी ठेवलं नव्हतं. मी मान खाली घालून पायडल मारत राहिलो.

त्या दिवशी अशोक आन रावसाहेब एकमेकांना घासूनच आले. शहराच्या वेशीपासून पुढं शेवटच्या रस्त्याला कधी हा पुढं, कधी तो. दोन्ही बाजूला माणसं, दोन्हीकडच्या घोषणा. अशोक अर्ध्या चाकानं जिंकला. पंचांनी लई वेळ डोकी एकत्र घातली, पण हजारो माणसांनी डोळ्यांनी बघितलं होतं. दोन टप्प्यांचा हिशोब धरून अशोक पुढं, रावसाहेब त्याच्या पाठोपाठ. एक टप्पा उरला होता. शहर ते फर्दापूर. शेवटी अजिंठ्याचा घाट, उतार.

संध्याकाळी अण्णानं मला वाळूजच्या त्याच्या ऑफिसात बोलावलं. चहा दिला. खुर्चीवर बस म्हणाला. त्या ऑफिसात मी कधी खुर्चीवर बसलो नव्हतो. बसलो, पण कडेवरच.

"उद्या घाटात अशोकच्या बाजूला जायचं. दरीकडच्या वळणाला. खांदा द्यायचा."

मला कळलं, पण कळलं नाय असं दाखवलं.

"शर्यतीत लागतो खांदा. होतं असं."

"अण्णा, तिथं कठडा नाय. पोरगं मरंल."

"मरत नसतंय कुणी." त्यानं चहाचा घोट घेतला. "तुझ्या बाची मेंढरं कुणाच्या रानात हायेत सध्या?"

"तुमच्या."

"मंग?"

दारात रावसाहेब उभा होता. तो पहिल्यांदाच बोलला. "आन समजा बोंब झालीच, तर धनगराचं पोरगं आन त्यांचं पोरगं. आमचा काय संबंध?"

अण्णानं त्याच्याकडं डोळे वटारले. पण शब्द निघून गेला होता.

मी घरी गेलो. भाकर उतरंना. माझा चुलता आमच्याकडंच राहायचा, छपरात एका बाजूला. बौद्धवाडा जळाला त्या केसमध्ये तो जेलात जाऊन आला होता. आल्यापास्नं तो फारसा कुणाशी बोलायचा नाय, मेंढरांशीच बोलायचा. मी त्याच्याकडं बघत बसलो. काडी चुलत्याच्या हातात होती, हे सगळ्या गावाला माहीत. त्याच्या हातात काडी कुणी दिली, हे बी माहीत. पण कागदावर एकाच घराचं नाव नव्हतं. पाटलाच्या. मी इतकी वरसं ते बघत आलो होतो आन ते मला त्या दिवशी दिसलं. त्यांना जाळायचं असलं की आमचा हात. त्यांना पाडायचं असलं की आमचा खांदा. वर जेल बी आमचंच.

मला राग यायला पायजे होता. राग आला नाय. भीती आली. 

सकाळी शर्यत सुटायच्या आधी मी गटारीवर बसून ओकलो. फुलंब्री गेली, सिल्लोड गेलं, मला एक झाड आठवत नाय.   जीप कधी मागं, कधी बाजूला. अण्णा काचेतून बघायचा. मी विचार करत होतो, चाक फुटावं. आपणच पडावं. काहीतरी व्हावं आन हे माझ्यापर्यंत येऊच नये.

काही झालं नाय. अजिंठा गाव गेलं आन घाट लागला. पुढं पुन्हा आम्ही तिघंच. अशोक पुढं, मागं मी, माझ्यामागं रावसाहेब. वळणं अरुंद, म्हणून जीप मागं राहिली. सायकली दगडासारख्या खाली सुटलेल्या. कानात नुसतं वारं.

दरीकडचं वळण आलं. मी अशोकच्या बाजूला गेलो. तो कडेला, मी आतल्या अंगाला. माझा खांदा त्याच्या खांद्यापास्नं वीतभर. त्यानं माझ्याकडं बघितलं आन त्याला सगळं कळलं. तोंडावरचं रक्त उतरलं त्याच्या. मला वाटायचं हा पोरगा कुणाला भीत नाय. तो माझ्याइतकाच भ्यालेला होता. डोळे तसेच, मेंढरासारखे.

मागून रावसाहेब ओरडला, "मार की! ए मेंढक्या, मार!"

"नाय!"

माझ्याच तोंडून निघालं. घाटात ते इतक्या जोरात घुमलं की मीच दचकलो. आयुष्यात त्या घरातल्या कुणालाही मी हा शब्द बोललो नव्हतो. मग अशोकला म्हणालो, "कड सोड! मधी ये!" मी आतल्या बाजूला सरकलो. तो मधी आला. आम्ही दोघं वळणातून बाहेर पडलो.

मागं ब्रेकचा आवाज आला. रावसाहेब पडला नाय. त्यानं फक्त ब्रेक दाबला. पुढं आडोसा नव्हता आन उताराला त्याची हिंमत झाली नाय.

मग मी मागं बघितलं नाय. अशोकला वाट करून दिली असं कुणी समजू नये. घाट संपला तसा मी त्याच्यावर तुटून पडलो. ती शर्यत मी माझ्यासाठी पळालो, पहिल्यांदाच. फर्दापूरच्या रस्त्याला एकदा मी त्याच्या पुढं बी गेलो. तो दात खाऊन परत आला. टप्पा त्यानं घेतला, शर्यत बी त्यानंच घेतली. मी त्याच्या चाकाला चाक लावून आलो.

उतरतो न उतरतो तोच अण्णा आला. सगळ्यांच्या देखत कानाखाली मारली. सायकल हिसकली.  बक्षिसाच्या मंडपात माईक होता. मी तिथं गेलो आन बोललो, "यानं मला सांगितलं होतं, अशोकला घाटात दरीकडं पाड म्हणून." एवढंच बोललो. पुढचं बोलायच्या आत कुणीतरी माईक बंद केला. पण ऐकायचं त्यांनी ऐकलं होतं.

अशोकची माणसं टेम्पोनं आलेली. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलेलं. तो खाली उतरून माझ्याकडं आला. आभार बिभार मानले नाय. म्हणाला, "आज गावात जाऊ नको."

"माझी माय तिथं हाय."

"मंग आम्ही येतो बरोबर."

"नको," म्हणालो. "तुम्ही आले तर लईच होईल."

मी ट्रकनं गेलो. पोचलो तव्हा दिवस मावळला नव्हता. बा मेंढरं रस्त्यावर घेऊन उभा होता. मायनं भांडी पोत्यात भरलेली. पाटलाचा निरोप माझ्या आधी पोचला होता. बा म्हणाला, "काय केलंस रं हे?" मी सांगितलं. त्यानं मेंढरं हाकली. पुढं लई दिवस बोलला नाय. माय रडत होती आन मला शिव्या देत होती. गावातलं एक माणूस बाहेर आलं नाय. आमच्या भावकीतलं बी नाय.

वाटेनं चालताना चुलता माझ्या बाजूला आला. किती वरसांनी तो माझ्याशी बोलत होता.

"खरंच नाय म्हणाला तू?"

"व्हय."

मागं पडलेलं एक कोकरू त्यानं उचलून घेतलं. मग म्हणाला, "नाय म्हणता येतंय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

वाळूजचं काम गेलं. दुसऱ्या ठेकेदारांनी बी दार लावलं. आम्ही शहराच्या कडेला, खदानीजवळ पाल ठोकलं. निम्मी मेंढरं विकावी लागली. मी मिळंल ते काम केलं. पुढं नामांतराच्या एका मोर्च्यात गेलो. अशोकच्या वस्तीतल्या माणसांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. बरोबर होतं त्यांचं. माझ्या चुलत्याचं नाव त्यांच्यातल्या काहींना माहीत होतं. एक म्हातारी माझ्याकडं बघून थुंकली. मी तिथून पळालो नाय. पोलिसांची गाडी आली तव्हा माझं मूत निघायची येळ आली, तरी पळालो नाय.

लोक सांगतात, एकदा हिंमत केली की भीती जाते. खोटं हाय. मी आजबी भितो. जीपचा आवाज आला की पाठ ताठ होते. मोठ्या माणसानं खुर्ची पुढं केली की मी कडेवरच बसतो.

पण एक ठरलंय. वरून हुकूम येत राहतील, त्यांना आमच्यासारखे मधले लागतातच. एकाला पाडायला दुसऱ्याचा खांदा लागतो. असला हुकूम माझ्याकडं आला, तर तो माझ्यापाशी येऊन मरंल. पुढं जाणार नाय. मी कापत उभा असन. पण वाटंत उभा असन.