हलकी की कडक?

बाजारपेठेत त्याला सगळे इस्त्रीवाले म्हणत. त्यामुळे नवीन माणसं कधीकधी कपड्यांचं गाठोडं घेऊन त्याच्या फोटो स्टुडिओत शिरत. राग बायकोला येई, त्याला नाही. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या संगणकावर काढून टाकण्याच्या कामाला 'इस्त्री' हे नाव त्यानेच दिलं होतं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की तो विचारायचा, "हलकी की कडक?" हलकीत डोळ्यांखालची वर्तुळं जात, कडकमध्ये वय.

"आरसा फुकट असतो," तो म्हणे, "म्हणून त्याला खरं बोलणं परवडतं."

लग्नात मात्र ज्या बाजूने बोलावलं, त्याच बाजूला इस्त्री, असा त्याचा हिशेब. या लग्नाला नवरीच्या आईने बोलावलं होतं. अल्बम छापण्याआधी तो पडद्यावर पाहायला नवरदेवाची आई आली. दोघी विहिणी शेजारीशेजारी उभ्या असलेला फोटो तिने बराच वेळ न्याहाळला.

"यांच्या मानेवरच्या घड्या कुठे गेल्या?"

"म्हणजे, ताई?"

"सगळ्या माझ्याकडे पाठवल्यात का?"

तिच्या धाकट्याचं लग्न ठरलं होतं. ते काम त्याला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. "नजरचुकीने राहिलं," म्हणत त्याने तिला जागच्या जागी कडक मारून दिली.

लगेच नवरीची आई हजर.

"विहीणबाई माझ्याहून लहान दिसतात."

"असतील ना, ताई."

"नाहीत. त्यांच्या गुडघ्यांना विचारा."

मग हिच्यावरून आणखी एक हात फिरला, मग तिच्यावरून. मान झाली, हनुवटी झाली, हातांवरच्या शिराही गेल्या.

"अहो, आता आवरा," बायको काउंटरवरून म्हणाली. "पुढच्या वेळी दोघींना पाळण्यात ठेवावं लागेल."

शेवटी अल्बम पक्का करायला दोघी विहिणी आल्या आणि सोबत नवरीही. या धांदलीत तिच्याकडे बघायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. अल्बममध्ये तिचे जागरणाने सुजलेले डोळे, हसून हसून उमटलेल्या रेघा, सगळं जिथल्या तिथे होतं.

"माझ्या लग्नात मीच थोरली," ती म्हणाली. "या दोघी कोण, नणंदा?"

विहिणींचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"हिलाच जरा हलकी मारा ना."

"हो, पोर किती दमलेली दिसतेय."

"मला हात लावायचा नाही," नवरी म्हणाली. "आणि आईचा मूळ फोटो दाखवा."

त्याने नाइलाजाने तो पडद्यावर आणला. त्यात आई लेकीकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून, डोळ्यांच्या कडा ओल्या. इस्त्रीत त्या ओल्या कडाही डाग समजून पुसल्या गेल्या होत्या.

"मला हाच हवा."

आईने पदर नाकाला लावला.

मायलेकी बाहेर पडल्या. नवरदेवाची आई मात्र दारात रेंगाळली. आता काम गेलंच, असं धरून तो उभा राहिला.

"धाकट्याचे फोटो तुम्हीच काढा," ती आवाज उतरवून म्हणाली. "पण तिकडच्या विहीणबाई वयानेच बऱ्याच लहान आहेत. आतापासून हात बसवून ठेवा."