बोडीचा उपास

माशाच्या कपाळाला हात लावून त्याला ताप आहे की नाही हे सांगणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ आहे. आमगावजवळ धानाच्या बांध्यांना लागून त्याची बोडी आहे. त्या तळ्यात उतरताना तो चप्पल काढतो इथवर ठीक, पण शिंक आली तरी पार पलीकडे जाऊन शिंकतो. एकदा मी काठावर मोबाइलवर गाणं लावलं, तर म्हणाला, "बंद कर गा, मासोळ्या जेवून राहिल्या."

गेल्या हिवाळ्यात रोग आला. अंगावर लाल चट्टे, पोटं फुगलेली, अर्ध्या मासोळ्या उलट्या तरंगल्या. त्याच्या बायकोने बजावलं, यंदा पुन्हा असं झालं तर बोडी बुजवायची आणि धान लावायचं. म्हणून त्याने खटपट करून लस मिळवली आणि मदतीला मला बोलावलं. पोचलो तर हा उपाशी. "त्यायचा उपास हाय, मंग मी कसा जेवू?" मला वाटलं, असेल याचा एखादा नवस. दुसऱ्या सकाळी काठाजवळच्या जाळीत जमवलेल्या मासोळ्या तोंडं वासून माझ्याकडे पाहू लागल्या. मला गहिवर आला. टोपलंभर कोंडा टाकला आणि वर अभिमानाने हाक मारली, "नाश्ता झाला बरं यांचा!"

साडभाऊ धावत आला. "काऊन टाकलास गा? भरल्या पोटात सुई आतड्यात घुसते ना!"

झालं. मासोळ्यांचा उपास नव्याने सुरू, त्याचाही. लाजेकाजेस्तव माझाही, मात्र दुपारपर्यंत तो कोंडा मलाच बरा दिसू लागला होता.

पुढच्या दिवशी लवंगेचं तेल घातलेल्या टबात एकेक मासोळी गुंगवून त्याने पोटाशी हलकेच सुई टोचली. मी त्यांना ताज्या पाण्यात सोडत होतो. सगळ्या शुद्धीवर आल्या, एक थोराड रोहू तेवढी येईना. साडभाऊ कंबरभर पाण्यात शिरला, तिला दोन्ही हातांत धरून पुढेमागे हलवत राहिला. "उठ माय, झालं आता." बऱ्याच वेळाने शेपटी हलली आणि ती हातातून निसटली.  

लस लागली की नाही, ते या थंडीतच कळायचं. रोज सकाळी मी गोंदियाहून फोन करतो, "तरंगली का कोणी?"

"अजून तं नाही," तो म्हणतो.

 फोन मात्र दोघंही ठेवत नाही.